बारा तास बसूनही पूर्व परीक्षा का निघत नाही: राज्यसेवेच्या अभ्यासाचा क्रम

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना अभ्यास कसा चालला आहे असे विचारले की उत्तर बहुधा तासांत येते: रोज दहा तास, बारा तास, परीक्षा जवळ आली की चौदा तास. पुण्यातील सदाशिव पेठ असो, छत्रपती संभाजीनगर असो किंवा तालुक्याच्या गावातील नगरपालिकेची अभ्यासिका असो, सकाळी जागा धरायची आणि रात्री दिवे मालवेपर्यंत उठायचे नाही, हीच निष्ठेची खूण मानली जाते. त्या कष्टांविषयी मला कोणतीही शंका नाही. आयोगाचा पेपर मात्र तास तपासत नाही. पुस्तक समोर नसताना, चार जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या पर्यायांपुढे, सरासरी ७२ सेकंदांत आपल्याला काय आठवते आणि काय नेमके वेगळे काढता येते, एवढेच तो तपासतो.

बहुसंख्य विद्यार्थ्यांचा घोटाळा मेहनतीत नसून क्रमात असतो. आधी सर्व पुस्तके वाचायची, मग दुसऱ्यांदा वाचायची, त्यानंतर नोट्स काढायच्या आणि शेवटचे दोन महिने उरले की प्रश्न सोडवायला घ्यायचे, हा क्रम उलटा आहे. पुढे दिलेला क्रम त्याच तासांत, किंवा त्याहून कमी तासांत, अधिक गुण मिळवून देणारा आहे. तो पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्यांसाठी आहेच; नोकरी सांभाळून तीन-चार तास काढणाऱ्यांना तर त्याची अधिकच गरज आहे.

## सुरुवातीची जुळवाजुळव

पहिल्या दिवशी पुस्तकांच्या दुकानात जाऊ नये. आयोगाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम आणि मागील किमान सहा वर्षांच्या पूर्व परीक्षेच्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्याव्यात आणि त्यांची छापील प्रत काढावी. उत्तरतालिका घेताना अंतिम उत्तरतालिकाच घ्यावी, कारण हरकतींनंतर पहिल्या तालिकेतील काही उत्तरे बदलतात आणि काही प्रश्न रद्द होतात. चुकीचे उत्तर पाठ झाले तर ते पुसायला दुप्पट वेळ लागतो.

याखेरीज एक जाड वही चुकांसाठी, एक मोठे भिंतीवरचे कॅलेंडर, हाताच्या तळव्याएवढ्या कोऱ्या चिठ्ठ्या आणि साधे घड्याळ एवढे साहित्य पुरते. वेळ पाहण्यासाठी मोबाइल वापरू नये, कारण वेळ पाहायला हातात घेतलेला मोबाइल वेळ पाहून खाली ठेवला जात नाही.

इशारा: सर्वांत अलीकडच्या दोन प्रश्नपत्रिका न पाहता बाजूला ठेवाव्यात. त्या परीक्षेच्या आधीच्या महिन्यात लागणार आहेत आणि एकदा पाहिलेला पेपर खरी पातळी दाखवत नाही.

## टप्पा १: वाचनाआधी एक पेपर सोडवणे

सामान्य अध्ययनाचा एक जुना पेपर पूर्ण दोन तास लावून, मध्ये न उठता सोडवावा. पहिल्यांदाच तयारीला लागलेल्यांना हे विचित्र वाटते, कारण काहीच वाचलेले नसताना गुण कमी येणार हे उघड आहे. येथे गुणांना महत्त्व नाही. प्रश्न कोणत्या प्रकारे विचारले जातात हे एकदा स्वतः अनुभवले म्हणजे त्यानंतरचे प्रत्येक वाचन वेगळ्या नजरेने होते.

उत्तर देताना प्रत्येक प्रश्नाशेजारी एक खूण करावी: खात्री असेल तर ‘ख’, दोन पर्याय गाळून उत्तर दिले असेल तर ‘द’, एकच पर्याय गाळता आला असेल तर ‘ए’ आणि निव्वळ अंदाज असेल तर ‘अं’. या खुणांचा उपयोग सातव्या टप्प्यात कळेल. सवय मात्र पहिल्या पेपरपासून लावावी.

तपासल्यानंतर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे कारण ठरवावे. कारणे साधारणपणे चारच असतात. मुद्दा वाचलेलाच नव्हता. वाचलेला होता पण आठवला नाही. आठवला पण त्याच्यासारख्याच दुसऱ्या मुद्द्याशी गल्लत झाली. किंवा सगळे येत असूनही प्रश्न नीट वाचला नाही, म्हणजे ‘अयोग्य विधान ओळखा’ असे असताना योग्य विधान निवडले. या चारही दुखण्यांचे औषध वेगळे आहे. पहिल्यासाठी वाचन हवे, दुसऱ्यासाठी उजळणी, तिसऱ्यासाठी तुलना आणि चौथ्यासाठी पेपर सोडवण्याची शिस्त. ज्याचे गुण मुख्यतः गल्लतीमुळे जातात त्याने आणखी दोन पुस्तके वाचली तर गल्लत वाढते, आणि तरीही बहुतेक जण नेमके तेच करतात.

दुसऱ्या-तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्यांनी हा टप्पा टाळू नये. मागील वर्षीचे अपयश ‘अभ्यास कमी पडला’ या एका वाक्यात गुंडाळून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करणे यासारखा वेळेचा अपव्यय दुसरा नाही.

तपासणी: चार कारणांपुढे चार आकडे लिहिलेले असल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

## टप्पा २: प्रकरणाआधी त्या प्रकरणावरचे प्रश्न वाचणे

आता प्रश्नपत्रिकांतील प्रश्न घटकनिहाय वेगळे करावेत: पंचायत राज, महाराष्ट्राचा भूगोल, समाजसुधारक, लोकसंख्या, पर्यावरण आणि पुढे. हे काम कंटाळवाणे आहे आणि बाजारात अशी तयार पुस्तके मिळतात, तरी किमान दोन विषयांसाठी ते स्वतः करावे. प्रश्न हाताने वेगळे करताना आयोगाचा कल जसा लक्षात येतो तसा तयार संग्रह चाळून येत नाही.

पंचायत राज घेतले तर जुन्या प्रश्नांवरून दिसते की समित्यांचा कालक्रम, कोणत्या समितीची कोणती शिफारस, राज्यघटनेच्या कलम २४३ मधील उपकलमे, अकराव्या अनुसूचीतील २९ विषय आणि पदाधिकाऱ्यांच्या राजीनाम्याची पद्धत यांभोवती प्रश्न फिरत राहतात. एवढे माहीत झाल्यावर प्रकरण वाचायला बसले की नाईक (१९६०), बोंगिरवार (१९७०), काळे (१९८०) आणि पी. बी. पाटील (१९८४) या समित्या ओळीने मनात बसवायच्या आहेत हे आपोआप कळते, आणि पंचायतींच्या गौरवाचे परिच्छेद भरभर मागे टाकता येतात.

पुस्तकांची संख्या याच टप्प्यावर ठरवावी. प्रत्येक विषयासाठी राज्य मंडळाची शालेय पुस्तके आणि एक संदर्भ पुस्तक, एवढेच. दुसरे पुस्तक विकत घेण्याचा हक्क तेव्हाच मिळतो जेव्हा चुकांच्या वहीत एकाच घटकावर तीन वेळा ‘मुद्दा पुस्तकात नव्हता’ अशी नोंद झालेली असते. मित्राच्या नोट्सची झेरॉक्स, टेलिग्रामवरून आलेल्या फाइल आणि वेगवेगळ्या क्लासच्या पुस्तिका जमवताना काम केल्यासारखे वाटते. पण जमवलेला कागद आणि आठवणारा मुद्दा यांच्यातले अंतर तसेच राहते.

## टप्पा ३: वाचन

एका बैठकीत पन्नास मिनिटांपेक्षा जास्त वाचू नये. पहिल्या वाचनात हायलायटर हातात घेऊ नये, कारण पहिल्यांदा सगळेच महत्त्वाचे वाटते आणि पान पिवळे होते. प्रत्येक उपशीर्षकाच्या शेवटी थांबून, यावर आयोग काय विचारेल, असा एक प्रश्न पेन्सिलीने समासात लिहावा. उत्तर लिहू नये. हे समासातले प्रश्न पुढच्या टप्प्याचे खाद्य आहेत.

पहिल्या वाचनाच्या वेळी सविस्तर नोट्स काढू नयेत. पुस्तकातील वाक्ये सुंदर अक्षरात वहीत उतरवण्यात आठवडे जातात आणि हात थकतो म्हणून अभ्यास झाला असे वाटते. नोट्स काढायच्याच असतील तर त्या दुसऱ्या उजळणीनंतर, आणि फक्त जे आठवले नाही त्याच्या.

## टप्पा ४: पुस्तक मिटून आठवणे

सगळ्या प्रक्रियेचा गाभा हा टप्पा आहे आणि सर्वाधिक वेळा तोच गाळला जातो.

एखादे प्रकरण दुसऱ्यांदा वाचताना डोळे सहज पुढे सरकतात, प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटते आणि आपल्याला हे येते अशी खात्री पटते. ओळखणे आणि आठवणे या मात्र दोन निराळ्या क्रिया आहेत. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने तो वाचल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. अभ्यासिकेतून रात्री बाहेर पडताना वाटणाऱ्या समाधानावर विश्वास का ठेवू नये, याचे उत्तर यात आहे. पुनर्वाचनाचे फळ त्याच संध्याकाळी दिसते आणि परीक्षा त्या संध्याकाळी नसते. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे यांना सर्वाधिक उपयुक्त ठरवले. अधोरेखन आणि पुनर्वाचन खालच्या श्रेणीत गेले.

प्रत्यक्षात हे असे करावे. वाचन संपल्यावर पुस्तक मिटून दहा मिनिटे थांबावे, पाणी प्यावे, मग कोऱ्या कागदावर आठवेल ते सर्व लिहावे. अक्षर, मांडणी, पूर्ण वाक्ये यांची चिंता करू नये. त्यानंतर समासातले प्रश्न एकेक करून स्वतःला विचारावेत आणि शेवटी पुस्तक उघडून फक्त निसटलेले मुद्दे लाल शाईने भरावेत. संपूर्ण प्रकरण पुन्हा वाचायचे नाही. कागदावरचा लाल भाग हाच आपला उरलेला अभ्यास आहे, निळा भाग झालेला आहे.

महाराष्ट्राच्या भूगोलातील एक उदाहरण घेऊ. कृष्णेच्या उपनद्या वेण्णा, कोयना, वारणा, पंचगंगा आहेत हे वाचणाऱ्याला ओळखता येते. आयोग मात्र उगमाकडून खाली जाताना संगमांचा क्रम विचारू शकतो. ज्याने कागदावर कृष्णेची रेघ ओढून माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा अशी न पाहता जोडली आहे, त्याला पर्याय वाचायच्या आधीच उत्तर दिसते. ज्याने तेच पान चार वेळा वाचले आहे त्याला चारही पर्याय बरोबर वाटतात. दोघांनी दिलेला वेळ सारखाच असतो.

समाजसुधारणेच्या घटकाबाबतही तसेच. परमहंस सभा १८४९, प्रार्थना समाज १८६७, पुणे सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ही यादी वाचून पाठ होत नाही. संस्थांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून, चिठ्ठ्या पिसून, त्या कालक्रमाने लावण्याचा सराव केला तर ती पक्की होते. चिठ्ठीच्या मागे साल आणि संस्थापक लिहावेत. समोर फक्त नाव.

आयोगाचे बरेच प्रश्न ‘खालील विधाने विचारात घ्या’ या धाटणीचे असतात. म्हणून प्रत्येक घटकावर दोन खरी आणि एक खोटे विधान स्वतः तयार करावे आणि खोटे विधान शक्य तितके खऱ्याच्या जवळचे ठेवावे: ‘सर्व’ ऐवजी ‘काही’, ‘राज्यपाल’ ऐवजी ‘राष्ट्रपती’, ‘शिफारशीने’ ऐवजी ‘संमतीने’. फसवे विधान रचताना तो फरक कायमचा लक्षात राहतो. अभ्यासिकेत दोघे-तिघे सोबत असाल तर ही विधाने एकमेकांना द्यावीत; चहाच्या टपरीवरील पंधरा मिनिटे यापेक्षा चांगली वापरता येत नाहीत.

तपासणी: प्रकरण संपल्यावर काही तासांनी, जेवणानंतर म्हणा, त्यातले दहा मुद्दे न पाहता लिहून पाहावेत. सहापेक्षा कमी आले तर नवे प्रकरण उघडू नये.

इशारा: आठवण्याचा प्रयत्न सुरुवातीला थकवणारा आणि मानहानीकारक वाटतो, कारण पान कोरे राहते. ते कोरे पान परीक्षेआधी दिसले हे चांगलेच आहे. या अस्वस्थतेला घाबरून पुन्हा वाचनाकडे वळणे ही सर्वांत मोठी चूक होय.

## टप्पा ५: उजळणी कॅलेंडरवर टाकणे

प्रकरण ज्या दिवशी झाले त्याच दिवशी त्याच्या पुढच्या चार उजळण्या कॅलेंडरवर लिहाव्यात: दुसऱ्या दिवशी, चौथ्या-पाचव्या दिवशी, दोन आठवड्यांनी आणि दीड महिन्याने. हे दिवस म्हणजे काही गणिती सूत्र नाही. थोडे पुढे-मागे झाले तरी चालते. दोन उजळण्यांमधील अंतर वाढत गेले पाहिजे आणि प्रत्येक उजळणी आठवण्यापासून सुरू झाली पाहिजे, हे दोन नियम मात्र मोडू नयेत. प्रत्येक उजळणीला दहा ते वीस मिनिटे पुरतात, कारण वाचायचे असते ते फक्त लाल शाईचे.

दीड-दोन महिन्यांनंतर उजळण्या साचू लागतात आणि विद्यार्थी त्या सोडून नव्या घटकांकडे पळतो, कारण नव्या घटकात प्रगती डोळ्यांना दिसते. येथे एक कडक नियम हवा: उजळणीला दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ लागू लागला तर नवे प्रकरण घेणे थांबवून थकलेल्या उजळण्या आधी संपवाव्यात. रविवारची सकाळ यासाठी राखून ठेवलेली बरी.

चालू घडामोडींसाठी रोज तीन वर्तमानपत्रे वाचण्याची गरज नाही. एक वर्तमानपत्र, पाऊण तास, आणि अभ्यासक्रमातील घटकाशी जोडता येईल तेवढीच नोंद. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या तोंडावर प्रसिद्ध होणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मात्र मुळातूनच पाहावी.

## टप्पा ६: चुकांची वही

वहीच्या प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात: घटक, मी निवडलेले उत्तर, ते मी का निवडले आणि ते आणि बरोबर उत्तर यांतला नेमका फरक एका वाक्यात. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे आणि बहुतेकांच्या वहीत तीच नसते. बरोबर उत्तराचे लांबलचक स्पष्टीकरण उतरवून काढले की पान भरते, पण आपले मन कोणत्या वळणावर चुकले हे कळत नाही आणि त्याच वळणावर ते पुन्हा चुकते.

चांगली नोंद अशी दिसते: ‘राज्य निवडणूक आयुक्त. मी कलम २४३झेडए निवडले; निवडणूक म्हणजे तेच असे वाटले. पंचायतींच्या निवडणुकांसाठी २४३के, नगरपालिकांच्या निवडणुकांसाठी २४३झेडए.’ तीन ओळी, एक मिनिट.

आठवड्याच्या शेवटी वही चाळून पहिल्या टप्प्यातील चार कारणांनुसार चुका मोजाव्यात. गल्लतीच्या चुका वाढत असतील तर पुढच्या आठवड्यात एकमेकांशी गोंधळणाऱ्या जोड्या समोरासमोर मांडून त्यांचे तक्ते करावेत. प्रश्न चुकीचा वाचण्याच्या चुका वाढत असतील तर पेपर सोडवताना ‘नाही’, ‘अयोग्य’, ‘फक्त’ या शब्दांभोवती गोल करण्याची सवय लावावी. पुढच्या आठवड्याचे नियोजन या मोजणीवरून ठरावे, मित्राने काय वाचायला घेतले यावरून नव्हे.

## टप्पा ७: सराव पेपर आणि अंदाजाचा हिशेब

सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरमध्ये १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश गुण वजा होतात. म्हणजे बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात आणि चुकल्यास अर्धा गुण जातो. पाच प्रश्नांपैकी एक बरोबर आणि चार चूक आले तर मिळालेले दोन आणि गेलेले दोन, हिशेब शून्यावर येतो. यापेक्षा बरी कामगिरी असेल तर उत्तर देण्यात फायदा आहे, वाईट असेल तर तोटा.

चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले तर सरासरी चारात एक बरोबर यायला हवा, म्हणजे फायदा नाममात्र आहे. दोन पर्याय खात्रीने गाळले असतील तर दोन प्रश्नांमागे दोन मिळतात आणि अर्धा जातो. असे प्रश्न सोडून देणे म्हणजे गुण टाकून देणे होय. तरीही हा हिशेब पुस्तकी आहे, कारण फसवा पर्याय मुद्दाम ओळखीचा वाटेल असा घातलेला असतो आणि अर्धवट वाचलेला विद्यार्थी त्याच्याकडेच ओढला जातो. म्हणून दुसऱ्याचा नियम उसना घेऊ नये. पाच-सहा सराव पेपर झाले की ‘ख’, ‘द’, ‘ए’ आणि ‘अं’ या खुणांपुढे किती बरोबर आले ते वेगवेगळे मोजावे. ‘अं’ खुणेचे पाचात एकही बरोबर येत नसेल तर ते प्रश्न सोडावेत. ‘ख’ खुणेचे दहापैकी सातच बरोबर येत असतील तर आजार गंभीर आहे: खात्री वाटते आणि उत्तर चुकते, म्हणजे वाचन पक्के समजून उजळणी टाळली गेली आहे. चौथ्या टप्प्याकडे परत जावे.

सराव पेपर आठवड्याला एक पुरतो, परीक्षेच्या आधीच्या दीड महिन्यात दोन. दोन तास सोडवण्याचे आणि किमान तीन तास विश्लेषणाचे, हे प्रमाण सोडू नये. टेस्ट सिरीजचे चाळीस पेपर सोडवून एकाचेही विश्लेषण न करणारे विद्यार्थी खरोखर कष्ट करतात आणि मार्चमध्ये केलेली चूक ऑगस्टमध्ये पुन्हा करतात.

पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट (आकलन, तर्क आणि गणित यांची कल चाचणी), २०२२ पासून केवळ पात्रतेचा आहे. त्यात ८० प्रश्न आणि २०० गुण असून ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा असल्याने २७ उत्तरे बरोबर आणि एकही चूक नसेल तर ६७.५ गुण होतात. चुका होणारच, त्यामुळे सरावात नव्वदच्या पुढे राहावे. येथे दोन उलट चुका दिसतात. गणितात सराईत असलेला विद्यार्थी आवडते म्हणून रोज दीड तास सीसॅटला देतो, जेव्हा त्या वाढीव गुणांचा गुणवत्ता यादीत काहीच उपयोग नाही. गणिताची भीती असलेला विद्यार्थी पात्रतेचाच तर पेपर आहे म्हणून तो शेवटावर ढकलतो आणि पहिल्या पेपरचे उत्तम गुण वाया घालवतो. सरावात तीन पेपर सलग नव्वदच्या वर असतील तर पंधरवड्याला एक पेपर पुरे. तसे नसेल तर रोज पाऊण तास, पहिल्या महिन्यापासून.

## टप्पा ८: मुख्य परीक्षेचे लेखन

मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे: सामान्य अध्ययनाचे चार पेपर, निबंध आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५० गुणांचे, आणि त्याशिवाय पात्रतेचे दोन भाषा पेपर. त्यामुळे पूर्व झाली की लिहायला लागू ही जुनी सवय महाग पडते. रोज एका प्रश्नाचे उत्तर, आठ मिनिटांत, हाताने लिहावे आणि दुसऱ्या दिवशी परक्याचे समजून तपासावे. प्रश्नातील क्रियापदाला उत्तर दिले आहे का, हे आधी पाहावे. ‘चिकित्सा करा’ असे विचारल्यावर केवळ वर्णन लिहिण्याची चूक सर्वाधिक आढळते.

## टप्पा ९: दिवसाची मांडणी

डोके सर्वांत ताजे असते त्या वेळी आठवण्याचे काम करावे, वाचन थकलेल्या वेळेसाठी ठेवावे. बहुतेकांची दिनचर्या याच्या उलट असते. पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्याने सहा ते सात तास खऱ्या एकाग्रतेचे काढले तर ते पुरेसे आहेत. उरलेल्या वेळात व्यायाम, जेवण आणि झोप यांना जागा द्यावी. झोप कापून मिळवलेले दोन तास फसवे असतात, कारण दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते.

नोकरी करणाऱ्याने सकाळी निघण्यापूर्वी सव्वा तास नवे प्रकरण आणि त्याचे आठवणे, लोकल किंवा एसटीच्या प्रवासात चिठ्ठ्या, रात्री चाळीस मिनिटे चुकांची वही आणि रविवारी पेपर व विश्लेषण अशी मांडणी करावी. ही मांडणी आठवड्यातून पाच दिवस निभावली तरी अभ्यासिकेत नुसते बसून राहणाऱ्याच्या मागे पडण्याचे कारण नाही. घरच्यांना ही पद्धत समजावून सांगावी. आपला मुलगा किंवा मुलगी रात्री दहाला झोपते म्हणजे अभ्यास सोडला, असा समज गावाकडे लवकर होतो आणि त्या काळजीचे ओझे पुन्हा विद्यार्थ्यावरच येते.

रविवारी रात्री रोजनिशीत तासांची बेरीज लिहू नये. त्याऐवजी चार आकडे लिहावेत: न पाहता आठवलेली प्रकरणे, वेळेवर झालेल्या उजळण्या, दुरुस्त झालेल्या जुन्या चुका आणि ‘ख’ खुणेची अचूकता. सलग तीन आठवडे हे आकडे हलले नाहीत तर तास वाढवण्याआधी पद्धत तपासावी.

## टप्पा १०: शेवटचे दहा दिवस आणि पेपरचे दोन तास

नवे काहीही उघडू नये. चुकांची वही दोनदा, लाल शाईचे कागद एकदा आणि राखून ठेवलेल्या दोन पेपरांपैकी दुसरा परीक्षेच्या आठवडाभर आधी. तो पेपर खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच सोडवावा, उत्तरपत्रिकेचा नमुना छापून वर्तुळे भरत, म्हणजे वर्तुळांना लागणारा वेळही मोजला जाईल.

परीक्षेत पहिल्या फेरीत फक्त ‘ख’ प्रश्न घ्यावेत, दुसऱ्या फेरीत ‘द’ आणि वेळ उरल्यास ‘ए’. एका प्रश्नावर दीड मिनिट गेले की खूण करून पुढे जावे. वर्तुळे शेवटी एकदम भरण्यासाठी ठेवू नयेत, कारण घाईत एक ओळ चुकली की पुढची सर्व उत्तरे सरकतात. प्रश्नपुस्तिकेचे प्रत्येक पान संपले की त्या पानावरची वर्तुळे भरावीत आणि भरताना प्रश्नाचा क्रमांक मनात म्हणावा.